ब्लूजसाठी सेमी-हॉलो (अर्धी पोकळ) इलेक्ट्रिक गिटार घेतली, त्याबद्दल

ही गिटार चांगली की वाईट हे ठरवताना मी एकच कसोटी लावली. व्हॉल्यूमचा नॉब दहावरून पाचवर आणला की आवाज नुसता लहान होतो, की त्यातला जीवच जातो? लाकूड कुठलं, पॉलिश कसं, पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागावर, कोणाचा शिक्का, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांना ते करू दे.

ही कसोटी माझी नाही. आमच्या भागात ब्लूज वाजवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडून ती आली. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. साठीच्या पुढचे, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे चेरी रंगाची एक जुनी सेमी-हॉलो, एक छोटा ट्यूब ॲम्प आणि दोघांना जोडणारी एक केबल. बास, संपलं सामान. मी मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकायची तेव्हा मला खात्री होती की यांच्या पायाशी आवाज बदलणारी निदान दोन-तीन पेडल असणार. गाणाऱ्याच्या मागे गिटार अगदी स्वच्छ, पाण्यासारखी, आणि सोलो आला की तीच गिटार खरखरीत, घसा बसल्यासारखी. पुढे जाऊन बसले तेव्हा उलगडा झाला. पिक धरलेल्या हाताची करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबला टेकलेली होती आणि ती एकसारखी चालू होती. शब्द चालू असताना नॉब पाचच्या आसपास, ओळ संपली की सात, सोलोला नऊ. ॲम्प मात्र आधीच आवाज फुटायच्या बेतात लावून ठेवलेला. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "जोर ॲम्पकडे असू दे. गिटारने फक्त किती सोडायचं ते ठरवायचं."

मी बरीच वर्षं अकूस्टिक वाजवणारी बाई. समूहगानाला साथ, घरी गुणगुणणं, इतकंच. इलेक्ट्रिक घ्यायची ती काकांसारखं वाजवायला, हे उघड होतं, म्हणून सेमी-हॉलोच बघायची हेही ठरलेलं होतं. शेंड्यावर, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, मोठं नाव असलेली घेणं मला झेपणारं नव्हतं. त्या आकाराच्या प्रती बऱ्याच कंपन्या करतात, त्यातलीच एक घेतली. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढच्या तक्रारी वाचून तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. यातल्या निम्म्या गोष्टी या आकाराच्या जवळपास कुठल्याही गिटारमध्ये भेटतात.

हा आकार गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ म्हणून काढला. त्याआधीच्या पोकळ इलेक्ट्रिक गिटारींची एक कायमची रड होती. ॲम्पचा आवाज वाढवला की गिटारची पेटी ॲम्पच्याच आवाजाने थरथरायची, तो थरथराट पुन्हा पिकअपमधून ॲम्पमध्ये जायचा आणि घूं असा फीडबॅक सुरू व्हायचा. यावर उपाय म्हणून पेटीच्या मधोमध, मानेपासून तळापर्यंत, मेपलचा एक भरीव ठोकळा बसवला आणि दोन्ही बगला पोकळ ठेवल्या. पिकअप आणि ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टेकण, त्या ठोकळ्यावर. म्हणून सेमी-हॉलो. ब्लूजचे मोठे गिटारवादक बी. बी. किंग यांना एवढंही पुरेसं वाटत नव्हतं. फीडबॅक दाबायला ते एफ-होलमध्ये, म्हणजे पेटीवरच्या f आकाराच्या भोकांत, कापड कोंबत, आणि १९८० मध्ये त्यांच्या नावाचं ल्यूसिल मॉडेल आलं ते एफ-होलशिवायच. ल्यूसिल हे नाव कसं पडलं तेही सांगते, कारण तेवढ्यासाठी तरी ब्लूजवर जीव जडावा. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कन्सॉमधल्या ट्विस्ट या गावी ते वाजवत होते. ऊब यावी म्हणून रॉकेल पेटवून ठेवलेलं पिंप दोघांच्या मारामारीत कलंडलं आणि जागेला आग लागली. किंग बाहेर पडले, गिटार आतच राहिली म्हणून पुन्हा आत घुसले आणि ती घेऊन जेमतेम सुटले. भांडण ज्या बाईवरून झालं तिचं नाव ल्यूसिल. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक गिटारचं नाव तेच.

तर माझी गिटार. वजन ३.६ किलो. अकूस्टिकच्या मानाने जड, पण पट्टा रुंद घेतला तर खांद्याला तासभर जाणवत नाही. अंगाने रुंद, साधारण ४० सेंटीमीटर, पण जाडी जेमतेम साडेचार. मोठ्या अकूस्टिकवरून हात टाकून खांदा दुखणाऱ्यांना हा फरक पहिल्याच बैठकीत कळेल. रंग गडद लाल, पॉलिश चकचकीत, बोटांचे ठसे उठतात. रंगाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

मान मला फार आवडली. नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) रुंदी ४३ मिलिमीटर, मागचा गोलावा भरलेला पण जाडजूड नाही. माझा पंजा लहान, तरी अंगठा वरून आणून सहावी तार दाबता येते. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, २४.७५ इंच. फेंडर घराण्यातल्या गिटारींचं २५.५ असतं. कागदावर पाऊण इंचाचा फरक, बोटांना तो चांगलाच कळतो. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली की तिच्यावरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इथे साधारण सहा टक्के कमी. दहाच्या तारा (पहिली तार ०.०१० इंच जाड) मला या गिटारवर ओढता येतात, म्हणजे दाबून बाजूला सरकवत सूर चढवता येतो. लांब मानेवर त्याच दहाच्या सेटशी मी झगडत होते.

आणि ब्लूजमध्ये तार ओढणं म्हणजे सगळंच. कोमल गंधार जरासा चढवायचा, पण शुद्ध गंधारापर्यंत न्यायचा नाही, मध्येच कुठेतरी सोडायचा. ती जागा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, नाही, ती बोटाने शोधावी लागते. आपल्याकडे गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला ती कानाने लगेच पटते, बोटाला मात्र वेळ लागतो. अंतर इतकं बारीक की तार घट्ट असेल तर बोट एकतर कमी ओढतं नाहीतर धसकन पुढे जातं. या गिटारवर तो बारीक ओढा माझ्या ताब्यात आला. फिंगरबोर्डचा गोलावा १२ इंच त्रिज्येचा, म्हणजे बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे वरच्या फ्रेटवर पहिली तार पूर्ण एक स्वर ओढली तरी ती पुढच्या फ्रेटला घासून मरत नाही. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंची गोल बोर्डवर तारा खाली ठेवल्या तर हमखास मरते. तुम्ही कुठलीही गिटार बघायला गेलात तर कॉर्ड वाजवण्यात वेळ घालवू नका. पंधराव्या फ्रेटवर पहिली तार ओढा, तशीच धरून ठेवा आणि आवाज किती वेळ टिकतो ते ऐका.

बी. बी. किंग यांचा तो फुलपाखरी व्हायब्रॅटोही (सूर थरथरवणं) मी करून बघते. अंगठा मानेवरून सुटलेला, सगळा पंजा पहिल्या बोटावर झुलता. त्यांचे नातलग बुका व्हाइट तारांवर नळी घसरवून, म्हणजे स्लाइड, वाजवायचे, ते यांना जमेना, म्हणून त्या आवाजाच्या मागे लागून यांनी हा व्हायब्रॅटो शोधला. मला अजून तो जमतो असं म्हणवत नाही, पण गिटार आड येत नाही एवढं नक्की.

आता आवाज. दोन हंबकर पिकअप आहेत. ही चीज गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांची, पेटंटचा अर्ज १९५५ चा, गिटारींवर ती दिसू लागली १९५७ पासून. दोन वेटोळी उलट दिशेची, चुंबकाचे ध्रुवही उलट, त्यामुळे विजेच्या तारांमधून येणारी घुरघुर एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. माझ्या खोलीत ट्यूबलाइट, संगणक, चार्जर सगळं एकाच भिंतीला आहे. सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची, गिटार तिथे कण्हत बसते, ही गप्प असते.

पण नेक पिकअप (मानेकडचा) पहिल्यांदा ऐकला तेव्हा निराशा झाली. खालच्या तारांवर तोंडावर घोंगडं घेऊन कोणी बोलावं तसा आवाज. कारखान्यातून पिकअप तारांच्या फार जवळ चढवून पाठवलेला होता. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून जाड तारांकडची बाजू चांगली खाली केली, बारीक तारांकडची थोडीच, मग पहिल्या दोन तारांखालचे पोलचे स्क्रू किंचित वर घेतले. लागला फक्त एक स्क्रूड्रायव्हर, आणि गिटार निम्म्याने बदलली. हे काम विकणाऱ्याने करून द्यायला हवं होतं, पण त्याच्या तोंडी "सेटअप केलाय" याचा अर्थ तारा सुरात लावल्यात, एवढाच निघाला.

आणि नॉब? मुख्य परीक्षेत ही गिटार जशी आली तशी नापास. नऊवरून सातवर आणलं की वरचे सूर गायब, पाचवर सगळं मंद. कारण साधं आहे. व्हॉल्यूम कमी करता तेव्हा वाटेत रोध वाढतो आणि पुढच्या केबलची स्वतःची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते, दोन्ही मिळून उंच स्वर गाळून टाकतात. उपायही जुनाच आहे. टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालचा फिरता भाग) आत येणाऱ्या टोकाला न जोडता बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडायचा. याला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. नवा भाग एकही लागत नाही, एक सोल्डरचा डाग काढून दुसरीकडे द्यायचा, दोन पिकअपचे दोन. यात व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांत थोडे गुंततात, एक हलवला की दुसऱ्याचाही असर बदलतो. मला ते चालतं.

डाग कागदावर सोपा, या पेटीत नाही. भरीव गिटारला मागे झाकण असतं, चार स्क्रू काढले की सगळं समोर. इथे झाकणच नाही. पॉट, स्विच, केबल लावायचा जॅक सगळं त्या अरुंद एफ-होलमधून बाहेर ओढायचं आणि तसंच परत आत घालायचं. दुरुस्ती करणाऱ्या मुलाशेजारी मी बसून होते. त्याने प्रत्येक पॉटच्या दांड्यावर आधी प्लॅस्टिकची बारीक नळी घट्ट चढवली, दुसरं टोक गिटारच्या भोकातून बाहेर ठेवलं आणि मगच पॉट आत ढकलून एफ-होलमधून बाहेर घेतला. डाग दिले आणि नळी हळूहळू ओढत पॉट बरोबर आपल्या भोकाशी आणला. जॅकसाठी दोरा. एक पॉट आत गोल फिरला आणि वायरला पीळ पडला, तेव्हा सगळं पुन्हा बाहेर. डाग द्यायला गेला त्याच्या कितीतरी पट वेळ या ओढाताणीत. म्हणून सांगते, सेमी-हॉलो घेताना इलेक्ट्रॉनिक्स घेण्याआधीच नीट तपासा. चारही नॉब सावकाश शून्य ते दहा फिरवा, खरखर ऐका. टॉगल (पिकअप निवडायचा स्विच) ठोकून बघा. केबल लावून जॅकपाशी हलवा. इथला सैल जॅक म्हणजे पाच मिनिटांचं काम नव्हे.

वायरिंग बदलल्यावर पाचवरचा आवाज स्वच्छ, काचेसारखा कडक नाही पण शब्द कळतील असा. आठवर ॲम्प कुरकुरायला लागतो. मधली सगळी वाट वापरता येते.

राहिली करंगळी. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचा व्हॉल्यूम तारांच्या अगदी खाली असतो, न बघता सापडतो. या आकारात नेकचा व्हॉल्यूम त्यातल्या त्यात जवळ, तरी माझी करंगळी ताणली तरच टेकते, आणि ताणली की पिक वाकडं पडतं. काकांचा पंजा मोठा, त्यांना जमतं. मी दुसरी वाट काढली. चार नॉब आहेत, म्हणजे प्रत्येक पिकअपला वेगळा व्हॉल्यूम. नेकचा पाचवर ठेवायचा, ब्रिजचा नऊवर, आणि गाण्यातून सोलोकडे जाताना फक्त टॉगल खाली मारायचा. ब्रिज पिकअप टोचू नये म्हणून त्याचा टोन पाचच्या आसपास. मला हे करंगळीपेक्षा सोयीचं वाटतं, आणि या गिटारच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं मत हेच आहे. टॉगल मधे ठेवून दोन्ही पिकअप मिसळले की एक हलका, पोकळ, किंचित नाकातला सूर येतो, गाण्यामागे कॉर्ड तोडून वाजवायला तोच छान. फक्त लक्षात ठेवा, मधल्या जागी कुठलाही एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तर दोन्ही बंद होतात. ते बिघाड नाही, जोडणीच तशी आहे.

गिटार काकांना दाखवायला नेली. त्यांनी केबल लावलीच नाही. नुसती मांडीवर घेतली, वरच्या शिंगाला कान टेकवला आणि सगळ्या तारा एकेक करून छेडल्या. मग तिसरी तार नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, बोटाने दाबली आणि सोडली. बारीकसं टिंग झालं. "इथे अडकते," म्हणाले. खरंच होतं, तार ओढली की तिसरी परत सुरात यायची नाही, हे मला सतावत होतं आणि मी खुंट्यांना दोष देत होते. या आकारात शेंडा मागे झुकलेला असतो आणि खुंट्या तीन-तीन दोन बाजूंना, त्यामुळे मधल्या दोन तारा नटमधून निघाल्या की बाजूला वळतात. खाच जराशी अरुंद असली की तिसरी तिथे चिकटून बसते. तात्पुरता उपाय खाचेत पेन्सिलचं शिसं घासणं. कायमचा म्हणजे खाच योग्य मापाच्या कानशीने किंचित रुंद करून घेणं. मी दोन्ही केले. आता तिसरी बऱ्यापैकी जागेवर राहते, पण सगळ्यात आधी उतरणारी तीच.

खोलीत वाजवायला ही गिटार उत्तम आहे, आणि ते कोणी सांगत नाही. बगला पोकळ असल्याने केबलशिवायही तिचा आवाज पुरेसा येतो. अकूस्टिकइतका नाही, पण भरीव गिटारपेक्षा खूप. रात्री दार लावून ॲम्प न लावता सराव होतो, भिंतीपलीकडचे झोपलेले राहतात. ॲम्प मोठा केला तर मात्र ठोकळा असूनही फीडबॅक येतो, विशेषतः ॲम्पकडे तोंड करून उभं राहिलं की. दोन पावलं बाजूला सरकलं की जातो. एकदा जागा सापडली की तो मुद्दाम धरताही येतो, सूर लांबतो आणि तार आपणहून गुणगुणत राहते. अर्थात त्यासाठी घरी कोणी नसलेलं बरं.

कोणी घेऊ नये? ज्यांना जोरदार डिस्टॉर्शन आणि घट्ट, ठोस रिफ हवेत त्यांनी. लहान मुलांनी, मांडीवर ही फार रुंद होते. आणि ज्यांना वाटतं की ब्लूज म्हणजे हाच आकार, त्यांनी जरा आजूबाजूला बघावं. मडी वॉटर्स आणि अल्बर्ट कॉलिन्स टेलिकास्टर वाजवायचे. अल्बर्ट किंग डावखुरे, उजव्या हाताची फ्लाइंग व्ही उलटी धरून तारा खाली ओढायचे. हाउंड डॉग टेलर तर स्वस्तातल्या जपानी गिटारवर स्लाइड घासायचे आणि त्यांचा तो फाटका आवाज त्याच गिटारचा. मला काकांचा आवाज हवा होता म्हणून मी ही घेतली. दुसऱ्या कोणाचा आवाज कानात बसला असता तर दुसरी घेतली असती.

तारा सध्या दहाच्या आहेत. काका अकराच्या लावतात, पुढचा सेट मीही अकराचा लावून बघणार आहे. ताण वाढेल, म्हणजे मान जराशी पुढे येईल, ट्रसरॉड (मानेतली दांडी) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर राहणं) पुन्हा बघावं लागेल, आणि तिसऱ्या तारेची ती खाच बहुतेक आणखी एकदा घासावी लागेल.